हलकी वीट आणि वजनाचा हिशेब

माझी आई बांधकामावर बिगारी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी आणि फळीवर दहा विटा, अशी तिची एक खेप असे. भाजक्या विटेचे वजन सुमारे ३ किलो. म्हणजे एका खेपेला ३० किलो. हा हिशेब तिने कधी केला नाही. तो मी केला, आणि तोही फार उशिरा, बांधकामाचा डिप्लोमा करताना. भिंतीचे वजन तुळईवर येते, तुळईचे खांबावर, खांबाचे पायावर आणि पायाचे जमिनीवर, असे पुस्तकात शिकवले होते. आकृती स्वच्छ होती, सगळे बाण खाली जात होते. परंतु ती भिंत मुळात वर चढली कशी आणि कुणाच्या मानेवरून चढली, हे दाखवणारा एकही बाण त्या आकृतीत नव्हता.

पुढे माझे सारे आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेले. ह्या काळात माझ्या डोळ्यांदेखत भिंत बदलली. लाल वीट मागे पडली आणि तिच्या जागी करड्या रंगाचा, आतून बारीक छिद्रांनी भरलेला, पाण्यात टाकला तर तरंगणारा ठोकळा आला. तो कुठल्याही कारखान्याचा असो, आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘सिपोरेक्स’च म्हणतात. ह्या हलक्या विटेचा इतिहास मला सांगावयाचा आहे. तो यंत्रांचा आणि पेटंटांचा इतिहास म्हणून सांगता येतो, आणि बहुधा तसाच सांगितला जातो. मला मात्र तो एका प्रश्नाच्या मागे जाऊन सांगावयाचा आहे. भिंतीचे वजन कमी झाले ते नेमके कुणाचे कमी झाले?

भिंतीच्या ओझ्याचा आपला इतिहास जुना आहे. गावगाड्यात गावकूस आणि चावडी ह्यांची डागडुजी महाराच्या वतनी कामांत मोडत असे. जी भिंत त्याला बाहेर ठेवण्यासाठी होती, तिची पडझडही त्यानेच सावरायची. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. बुरूज पुनःपुन्हा ढासळू लागला म्हणून नाथनाक आणि देवकाई ह्या महार जोडप्याला त्याच्या पायात जिवंत गाडले, असे ती सांगते. आख्यायिका खरी की खोटी, हा वाद इतिहासकारांनी घालावा. समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या न लाजता सांगितली, एवढे मला पुरे आहे. भिंत उभी राहायची तर तिच्याखाली कुणीतरी गेले पाहिजे आणि ते कोण हे आधीच ठरलेले असते, ही समजूत त्या आख्यायिकेच्या पोटात आहे.

हलक्या विटेचा जन्म ह्या साऱ्यापासून दूर, स्वीडनमध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या थंड देशात इंधनाची टंचाई झाली. लाकडासारखी ऊब धरणारे, पण लाकडासारखे न जळणारे आणि न कुजणारे काहीतरी भिंतीसाठी हवे होते. स्टॉकहोमच्या तंत्रसंस्थेतील वास्तुविशारद योहान आक्सेल एरिक्सन ह्यांनी १९२४ साली त्याच्या कृतीचे पेटंट घेतले. १९२९ साली इक्सहुल्ट येथे त्याचे कारखान्यातील उत्पादन सुरू झाले. ज्या कंपनीने ते सुरू केले ती मुळात दगडाच्या खाणीची, दगड घडवणाऱ्यांची कंपनी होती. इक्सहुल्टचे पहिले अक्षर आणि ‘बेटाँग’, म्हणजे काँक्रीट, ह्या स्वीडिश शब्दाची शेपटी जोडून ‘इटाँग’ हे नाव झाले. सिपोरेक्स ही त्याची दुसरी जात. तीही स्वीडनचीच, १९३०नंतरच्या दशकातली.

कृती स्वयंपाकघर पाहिलेल्या कुणालाही कळण्याजोगी आहे. बारीक दळलेली वाळू किंवा राख, चुना, सिमेंट आणि पाणी ह्यांचे पातळसर पीठ करतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात. तीही इतकी थोडी की टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. चुन्याशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि ढोकळ्याचे पीठ फुगावे तसे ते सारे साच्यात फुगून वर येते. थोडे घट्ट झाले की तारांनी त्याच्या वड्या पाडतात. मग मोठ्या बंद भांड्यात, सुमारे १८० ते १९० अंश तापमानाच्या वाफेच्या दाबाखाली, आठ-दहा तास शिजवतात. भट्टी नाही, लाल माती नाही, धूर नाही. साध्या विटेच्या बांधकामाचे घनमीटरला १८०० ते १९०० किलो वजन भरते. ह्या ठोकळ्याचे ५५० ते ६५० किलो. म्हणजे एकतृतीयांश.

ह्याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे फेसाचे काँक्रीट. त्यात वायू आत निर्माण करीत नाहीत, तर आधी फेस तयार करून तो सिमेंटच्या गाऱ्यात कालवतात. हा फेस कशाचा? आज त्यासाठी कृत्रिम रसायनेही वापरतात. पण टिकाऊ फेसासाठी नावाजलेला जुना पदार्थ म्हणजे प्रथिनांचा अर्क, आणि तो काढतात जनावरांच्या शिंगांपासून, खुरांपासून, रक्तापासून. शिंगाखुरांचा भुगा अल्कलीत उकळला की तो अर्क निघतो.

हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मेलेले ढोर ओढून नेणे, ते सोलणे, त्याची शिंगे-हाडे वेगळी करणे ह्याच कामांनी आमच्या माणसांना अस्पर्श ठरवले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे सांगितले आणि गावोगाव आमच्या माणसांनी ढोरे ओढणे बंद केले. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. उलट २०१६ साली गुजरातमधील उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून फोडून काढले गेले. सोडले तरी मार आणि केले तरी मार. तेच शिंग आणि तोच खूर मात्र पिंपात भरून, रासायनिक नाव लावून आला की त्याचा फेस कुणाच्याही भिंतीत चालतो. त्या भिंतीला कुणी देव्हारा टेकवून ठेवतो, आणि विटाळ होत नाही. विटाळ वस्तूत कधीच नव्हता. तो हात कुणाचा ह्यात होता. वजनाचेही तसेच आहे, ते पुढे दिसेल.

भारतात हलके काँक्रीट प्रथम मोठ्या प्रमाणावर आणण्याचा घाट घातला गेला तो फाळणीनंतर, दिल्लीत. लाखो निर्वासित उघड्यावर होते. तेव्हा गृहनिर्माण हा विषय आरोग्य खात्याकडे होता आणि राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री होत्या. कारखान्यात भिंती ओतायच्या आणि जागेवर नेऊन जोडायच्या, अशी योजना १९४८ साली पुढे आली. तिचे शिल्पकार होते ऑटो कोनिग्सबर्गर, केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक. हे गृहस्थ बर्लिनचे. ज्यू कुळातले असल्यामुळे हिटलरच्या राज्यातून त्यांना बाहेर पडावे लागले आणि १९३९ साली ते म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुविशारद झाले. भुवनेश्वरचा आराखडा त्यांचाच. निर्वासितांसाठी एक निर्वासितच घरे आखीत होता. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही.

ब्रिटिश कंपनीच्या साहाय्याने दिल्लीच्या जंगपुरा भागात सरकारी गृहकारखाना उभा राहिला. फेसाळ, हलक्या काँक्रीटचे मोठे पत्रे ओतून त्यांची घरे जोडायची होती. पण ते पत्रे टिकेनात. हलवताना कडा ढासळत, सांधे नीट बसत नसत, तडे जात. ज्या घरांची वाट हजारो कुटुंबे पाहत होती ती उभीच राहिली नाहीत. संसदेत टीकेची झोड उठली. १९५१ साली कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले. १९५३ साली कारखान्याची कंपनी झाली, पुढे तेथे विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर होऊ लागले, आणि १९७८ साली तिचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाले.

ही कथा बांधकामशास्त्राच्या इतिहासात अपयशी प्रयोग म्हणून येते. परंतु पत्रे टिकले असते तर त्या घरांत कोण गेले असते, हा प्रश्न त्या इतिहासात नाही. तो विचारायचा तर त्याच महिन्यांतली दुसरी कागदपत्रे उघडावी लागतात. १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना, विशेषतः सफाई कामगारांना, बाहेर पडू देत नाही; आणि जे पूर्व पंजाबात पोचले त्यांना छावण्यांचे अधिकारी छावणीत घेत नाहीत, त्यामुळे त्यांना शिधा-कपडाही मिळत नाही, अशी तक्रार त्यात होती. भारताचे तेव्हाचे कराचीतील उच्चायुक्त श्रीप्रकाश ह्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. सफाई कामगारांना जाऊ दिले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असा प्रतिप्रश्न पाकिस्तानच्या पंतप्रधानांनी आपल्याला केल्याचे त्यांनी नमूद केले आहे. देश दोन झाले होते, ह्या एका बाबतीत दोघांचे एकमत होते.

निर्वासितांना भरपाई मिळाली ती मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यावर. ज्याने हवेली सोडली त्याला हवेलीच्या मानाने, ज्याने शेत सोडले त्याला शेताच्या मानाने. ज्यांना तिकडे जमीन धारण करू दिली नव्हती, त्यांनी इकडे कशाचा दावा करायचा? गमावण्यासारखे काही नसणे हाच त्यांचा गुन्हा ठरला. दिल्लीत ‘हरिजन’ निर्वासितांची सोय वेगळी झाली आणि वस्तीही वेगळी झाली. गावकूस तेथे भिंतीवाचूनच उभे राहिले.

त्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले होते. पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्यावी आणि त्या जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवावीत, अशी मागणी त्यात आहे. बाबासाहेबांना बांधकाम कळत नव्हते असे नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्रीय बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. ते जाणणारा माणूस घराचा विचार करताना भिंतीपासून सुरुवात करीत नाही, जमिनीपासून करतो. राज्याने मात्र भिंतीचा कारखाना काढला. बाबासाहेबांची मागणी कागदावर राहिली आणि कारखान्यातली भिंत वाटेत तुटली.

महाराष्ट्रात हलकी वीट रुजली ती १९७०नंतर. पुण्याच्या बी. जी. शिर्के ह्यांनी स्वीडिश तंत्र आणून सिपोरेक्सचा कारखाना चालवला, आणि ह्या खेपेस माल टिकला. पुण्या-मुंबईकडे त्या कारखान्यातून हलक्या भिंती जाऊ लागल्या तेव्हा इकडे मराठवाड्यात काय चालले होते ते मी पाहिलेले आहे. १९७२चा दुष्काळ होता. आई खडी केंद्रावर बसून दगड फोडीत होती आणि आम्ही पोरे सुकडीच्या रांगेत उभे होतो. दगडाला छिद्रे पाडून त्याला कापसासारखे करण्याची विद्या राज्यात आली होती, आणि त्याच राज्यात हजारो बायका हातोडीने दगड फोडून बोटे ठेचून घेत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या. ह्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, हा योगायोग मला वाटत नाही.

जड भिंत किती जड असते हे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीने दाखवले. दगडमातीच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे. ते सारे झोपलेल्या माणसांवर कोसळले. कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या खोपटात जे निजले होते ते पुष्कळ ठिकाणी वाचले. जन्मभर ज्या खोपटाची लाज वाटली त्याच्या हलकेपणाने जीव राखला. भूकंपात इमारतीवर येणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, हे शास्त्र आहे. हलक्या विटेच्या बाजूने ह्याहून मोठा पुरावा नको. परंतु नवी गावे वसवताना काय झाले? घरे तीन मापांची ठरली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला ४००, आणि त्याहून अधिक असणाऱ्याला ७५०. दिल्लीतला भरपाईचा न्याय चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा लागू झाला. भूकंपाने जे सपाट केले ते पुनर्वसनाने पुन्हा उंचसखल केले.

आज हलकी वीट बहुतांशी राखेची होते. आपल्याकडचा कोळसा राखट. शंभर किलो जाळले तर तीस-चाळीस किलो राख उरते. परळी, एकलहरे, दीपनगर, कोराडी, चंद्रपूर येथे राखेचे डोंगर आणि तळी झाली. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीज केंद्रांभोवतालच्या विटांत ही राख वापरणे सक्तीचे केले. सुपीक मातीची वीट करून ती जाळणे थांबावे, हा हेतू रास्त आहे. वीटभट्टीसाठी रडणारा मी नव्हे. दिवाळीच्या पुढेमागे उचल घेऊन कातकरी, मातंग, बौद्ध कुटुंबे भट्टीवर जातात. हजार विटांमागे दर, पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब आणि त्या हिशेबात उचल फिटता फिटत नाही. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ सालचा आहे. भट्टी विझली तर आनंदच आहे. पण भट्टीवरच्या माणसाला ठोकळ्याच्या कारखान्यात कोण घेते? तेथे यंत्र आहे आणि यंत्राभोवती मोजके हात आहेत. शिवाय वीज दूरच्या शहराला जाते आणि राख जवळच्या गावाच्या वाट्याला येते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटून ती शेतांत आणि ओढ्यांत शिरली.

स्वीडनचा अनुभवही येथे सांगितला पाहिजे. तेथील इटाँगमध्ये एका विशिष्ट शेल खडकाचा वापर होई. त्याने निळसर झालेल्या त्या काँक्रीटमध्ये युरेनियमचा अंश होता, आणि त्यातून घरात रेडॉन वायू सुटे. त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. १९७५ साली ते उत्पादन थांबवले गेले. तोवर त्याची लाखो घरे झाली होती. पण त्या देशाने घरे मोजली, वायू मोजला, लोकांना सांगितले. मोजणे ही राजकीय गोष्ट आहे. ज्याचे दुःख मोजले जाते तोच नागरिक असतो.

आता पुन्हा आईकडे येतो. थकल्यावर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा एकदा तिला मी चालू कामावर घेऊन गेलो. २ फूट लांब, ८ इंच उंच, ४ इंच जाड असा एक ठोकळा तिच्या हातात दिला. साधारण ८ किलोचा. एवढ्याच आकाराच्या विटा घेतल्या तर २० किलोंच्या वर भरतील, असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने तो हातांत तोलला आणि म्हणाली, “हलकी हाय की रं. पन एका येळी किती ठिवत्यात, त्ये सांग.”

मी जिन्याकडे पाहिले. वर चढणाऱ्या बायकांच्या डोक्यावर प्रत्येकी चार ठोकळे होते. आठ चोक बत्तीस.

मी मुकादमाला विचारले. तो म्हणाला, साहेब, माल हलका आहे, म्हणून तर चार ठेवतो. बायका आधीपेक्षा निम्म्या झाल्या होत्या. नकाशात मात्र बचत चोख मांडलेली होती. चौरस मीटर भिंतीमागे विटेचे ४०० किलोंवर वजन येत होते ते दीडशेच्या आत आले होते. त्यामुळे लोखंड कमी, पाया लहान, काम लवकर. खांबाच्या डोक्यावरचे वजन उतरले होते. बाईच्या डोक्यावर मात्र ३० किलोंचे ३२ झाले होते. ते नकाशे मीच तपासून पुढे पाठवले होते. म्हणून हा दोष दुसऱ्या कुणावर ढकलून मला मोकळे होता येत नाही.

हलकी वीट वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती चांगली आहे. आपल्या घरकुलांना ती मिळावी. पण ओझे वस्तूत नसते, वस्तू कोण कुणाच्या डोक्यावर ठेवतो त्यात असते. ते विज्ञानाने आपोआप उतरत नाही. म्हणून माझ्या दोन साध्या मागण्या आहेत. एक, बांधकामाच्या नकाशात जसे तुळईवरचे वजन लिहितात तसे एका खेपेचे वजनही लिहावे, आणि हलक्या मालाची बचत मोजताना मजुरीचा रकाना त्यात धरावा. दुसरी मागणी माझी नव्हे, ती १९४७ सालची आहे. रमाई आवास घ्या की दुसरी कुठली योजना घ्या, अर्ज करणाऱ्या आमच्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो जागेचा उतारा आहे का हा. उतारा नसेल तर त्याने जागेच्या मागे फिरावे आणि घराने थांबावे. वीट कितीही हलकी झाली तरी ती हवेत ठेवता येत नाही. तिच्याखाली जमीन लागते, आणि ती ज्याच्या नावावर असते त्याचेच घर होते.